बांध राखील तो गावकरी

चोपड्याच्या काठावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, म्हणजे शापोरा नदीच्या पलीकडे शिवोलीच्या माडांची रांग दिसते. आज या दोन काठांना पुलाने जोडले आहे. त्यापूर्वी येथे फेरीबोट चालत असे आणि तिच्याही पूर्वी होडी. मधला काही काळ सोडला तर १७८८ पर्यंत हीच नदी दोन राज्यांची सीमा होती. पलीकडे पोर्तुगिजांचा बारदेश, अलीकडे सावंतवाडीकर भोसल्यांचे पेडणे. त्या वर्षी पेडणे पोर्तुगिजांकडे गेले आणि नव्या काबिजादीचा भाग झाले, पण नदीची ही रुंदी लोकांच्या राहणीतून लगेच पुसली गेली नाही. पलीकडे गजबज वाढली, तेव्हाही अलीकडे शेत, मिठागर, माड आणि देऊळ हाच क्रम पुष्कळ वर्षे टिकला. पुलाने काठ जवळ आणले, ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या सड्यावरील विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि पेडणे तालुक्यातील प्रत्येक टेकडी कोणाच्या ना कोणाच्या हिशेबाच्या वहीत चढली.

तेव्हापासून या भागात गेलो की एकच विषय कानी पडतो. देवळाच्या सभामंडपात आरती आटोपल्यावर चार माणसे बसली, की बोलणे पावसावरून आणि काजूच्या दरावरून हटकून जमिनीवर येते. अमुक टेकडी विकली गेली म्हणतात. तेथे शंभर घरे येणार की पाचशे, कोणास ठाऊक. त्यांना पाणी कोठून मिळणार. त्यांचे सांडपाणी कोणाच्या शेतात उतरणार. आणि पुढे ग्रामसभेत गावाचे म्हणून जे आहे त्याचा निर्णय कोण करणार? वकिलीच्या निमित्ताने असे प्रश्न आमच्यापुढे कागदांच्या रूपाने येतात. परंतु हे प्रश्न नुसते कायद्याचे नाहीत, ते फार जुने आहेत, आणि त्यांची उत्तरे आपल्याच पूर्वजांनी एकदा शोधली होती. ती कोणती होती, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

ही चिंता चोपड्यापुरती नाही. २०२४ मध्ये मुरगाव तालुक्यातील सांकवाळच्या रहिवाशांनी तेथील टेकडीवर येऊ घातलेल्या मोठ्या गृहप्रकल्पाला विरोध केला. २०२५ मध्ये डिचोली तालुक्यातील कारापूर-सर्वण येथे तसाच विरोध उभा राहिला. अशा वेळी एक आक्षेप ठरलेला असतो: गावकऱ्यांना नवा माणूस नको आहे, ते प्रगतीचे वैरी आहेत. हा आक्षेप खरा की खोटा, हे इतिहासालाच विचारावे.

गोव्यातील गाव ही आपोआप उगवलेली वस्ती नव्हे. पोर्तुगीज अमलातील महसूल अधिकारी अफोंसो मेशिया याने १५२६ साली तिसवाडीतील गावकऱ्यांच्या रूढी नोंदवून घेतल्या, तेव्हा त्याला जी परंपरा सांगण्यात आली ती अशी, की पूर्वी थोडी माणसे ओसाड जमिनीवर आली, त्यांनी ती लागवडीस आणली, व्यवस्था लावली, आणि त्यांचे वंशज ते गावकर. गावकरीचा अधिकार लागवडीच्या कष्टांतून निर्माण झाला, अशी ही समजूत आहे. तिच्यात दंतकथेचा अंश किती, हा प्रश्न निराळा. मेशियाच्या काळी लोक स्वतःच्या हक्काचे समर्थन या शब्दांत करीत होते, हे आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

ही व्यवस्था कशी लावली होती, हे चोपडे, आगरवाडा, पार्से, मोरजी या पट्ट्यात आजही डोळ्यांनी वाचता येते. सर्वांत वर सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. तेथे कोणी घर बांधीत नसे. गुरे चरत आणि पाऊस मुरे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला जो भाग जांभ्याच्या भेगांतून खाली झिरपतो, तोच उन्हाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर येतो. उतारावर झाडी आणि काजू. पायथ्याशी, झरीच्या आणि विहिरीच्या आधाराने, वाडे आणि देऊळ. त्याखाली शेत. शेताच्या कडेला बांध, आणि बांधापलीकडे खारे पाणी. घरे मुद्दाम शेताच्या आणि डोंगराच्या सांध्यावर ठेवलेली, म्हणजे वरचे पाणी अडत नाही आणि खालची जमीन खर्ची पडत नाही. आगरवाड्याच्या तर नावातच आगर आहे, म्हणजे मीठ पिकविण्याची जागा. खाऱ्या पाण्याचाही उपयोग करून घेणारी ही बुद्धी होती.

या साऱ्याची किल्ली बांधात आहे. शापोरा नदीला समुद्राची भरती दिवसातून दोनदा येते. भरतीचे पाणी शेतात घुसले तर भात जळून जाते. म्हणून चिखलाचा आणि दगडाचा बांध, आणि त्यात मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीच्या रेट्याने झडपा मिटतात, ओहोटीला आतले पाणी बाहेर ढकलून त्या उघडतात. अशा संरक्षित खाजन जमिनीत कोरगुटासारखे खारेपण सोसणारे भात पिके आणि मानशीवर मासळीही मिळे. परंतु बांध एका ठिकाणी फुटला तर एकाचेच शेत बुडत नाही, सगळ्यांचे बुडते. त्यामुळे बांधाची राखण हे प्रत्येकाचे काम होते, आणि बांध फुटल्याची हाक आली की रात्रीबेरात्री घराघरांतून माणूस निघे. गावकीची, देवस्थानची, उत्सवाच्या मानपानाची सारी रचना या सामाईक कर्तव्याच्या पायावर उभी होती.

हे केवळ आपल्याकडचेच नव्हे. समुद्रसपाटीच्या खाली वसलेल्या हॉलंडमध्ये तेराव्या शतकापासून पाणी-मंडळे आहेत. बांधामागे ज्याची जमीन, त्याने बांधाचा आपला वाटा राखलाच पाहिजे, असा तेथला दंडक होता. ज्याला ते झेपत नसे तो आपल्या वाट्याच्या बांधात फावडे रोवून निघून जाई, आणि ते फावडे जो उपटील त्याला जमीन आणि जबाबदारी दोन्ही एकदमच मिळत. जमीन घ्यावी आणि बांध दुसऱ्याने राखावा, ही सोय तेथेही नव्हती.

आता नव्या माणसाविषयी. या नियतकालिकाच्या वाचकांपैकी बहुतेकांची कुलदैवते स्वतःच एकदा नव्या वसाहतीत आलेली आहेत, याचा विसर पडू नये. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली जुवारी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, ही स्थलांतरे त्याच शतकातली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीच्या नार्व्यात आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. देवांबरोबर माणसेही आली. म्हणजे अंत्रूजच्या आणि डिचोलीच्या गावांनी परकी कुटुंबे, परके पुजारी आणि परके देवसुद्धा आपल्यात सामावून घेतले. ते कसे जमले? त्या गावांचे जुने ग्रामदेव आपापल्या जागी राहिले, नव्या देवांना त्यांच्या शेजारी जागा मिळाली. प्रत्येक नव्या देवळाबरोबर तळे खोदले गेले, देवळाला जमीन लावून दिली गेली, आणि पुजारी, वाजंत्री, भाविणी, दिवटीवाले अशा सेवेकऱ्यांची घरे भोवती वसली. त्या व्यवस्थेत उच्चनीच भेद होते, आणि देवळाच्या नावाखाली काही स्त्रियांवर लादलेले जिणे अन्यायाचेच होते. ते झाकण्याचे कारण नाही. परंतु आलेला माणूस पाण्याचा, जमिनीचा आणि कामाचा हिशेब घेऊन येत असे. तो गावाच्या रचनेत एक नवा वाडा जोडी. वरून टाकलेल्या ओझ्यासारखा तो नसे.

भाटकाराच्या जमिनीत झोपडी घालून राहणारा मुंडकार हाही असाच एक नवा रहिवासी. त्याचे जिणे भाटकाराच्या मर्जीवर होते, हा दोष दूर करण्यासाठी १९७५ साली मुंडकार संरक्षणाचा कायदा झाला. तरीही मुंडकार कोण, तो कोठे राहतो, त्याचे काम काय, हे गावाला ठाऊक असे. तेव्हा गावाला नवा माणूस नको असतो, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. ज्याच्या येण्याचा कोणाशीही हिशेब होत नाही, अशा वस्तीची गावाला धास्ती वाटते, आणि ही धास्ती रास्त आहे.

वरून आखलेल्या वसाहतींचा अनुभव गोव्याला पूर्वी आलेला आहे. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या स्वारीने जुने गोवे हादरले. तेव्हा व्हाइसरॉय कौंट द आल्व्होर याने राजधानी मुरगावला नेण्याचे ठरविले. बांधकाम सुरू झाले, थांबले, पुन्हा सुरू झाले. अठराव्या शतकाच्या आरंभी एक व्हाइसरॉय तेथे राहूनही आला. आणि शेवटी तो बेत सोडून द्यावा लागला. लोकांना तेथे जावयाचे नव्हते. पुढे १७७४ मध्ये लिस्बनहून पोंबालने फर्मावले, की रोगराईने ओस पडलेले जुने गोवे शहर पुन्हा उभारून वसवावे. पैसा ओतला गेला, मजूर लावले गेले, त्यांच्यातले पुष्कळ आजारी पडून मेले, आणि शहर काही वसले नाही. कारण त्या शहराचे मूळ दुखणे जमिनीत होते. सच्छिद्र जमिनीतून सांडपाणी विहिरींत उतरत होते, आणि फर्मानाने विहीर गोड होत नाही.

पणजीची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १७५९ मध्ये व्हाइसरॉय तेथे राहावयास गेला, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रू याने दलदल बुजवून रस्ते आखले, आणि १८४३ मध्ये ती राजधानी झाली. हे शहर वसले, शोभलेही. परंतु बुजविलेले पाणी आपली जागा विसरत नाही. मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली, की पणजीच्या सखल भागात आजही पाणी साचते. सरकारचे सामर्थ्य, तिजोरी आणि दोन शतकांचा अवधी पाठीशी असूनही जे पुरते साधले नाही, ते एखाद्या टेकडीवर तीन पावसाळ्यांत साधेल, असे कोणी सांगू लागले तर ऐकणाऱ्याने दोन प्रश्न विचारावेत, यात नवल ते काय?

पेडण्याची स्थिती यातही थोडी वेगळी. नव्या काबिजादीत लोकांच्या रूढींना आणि देवस्थानांना धक्का लावणार नाही, असे पोर्तुगीज शासनाने मान्य केले होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या रूढींचा संग्रहही करण्यात आला. १८८६ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये देवस्थानांसाठी महाजनीचे नियम झाले. देवळाची मालमत्ता कोणाची, जमाखर्च कसा ठेवावा, महाजनांनी कधी जमावे, हे सारे त्यांत आहे. परंतु तालुक्यातील जमिनीचा मोठा भाग थोड्या मोठ्या घराण्यांच्या हाती होता. मुक्तीनंतर १९६४ मध्ये कुळकायदा आला आणि पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकीचा मार्ग मोकळा केला. हा न्यायाचा भाग होता आणि तो आवश्यकच होता. पण बांध राखण्याचे जे काम पूर्वी गावकरी व भाटकार पाहत, ते कुळांच्या संघटनांकडे सोपविले गेले. त्यांतल्या काही संघटना जागत्या राहिल्या, काही कागदावर उरल्या. शेतीत मिळकत राहिली नाही, मुले मुंबईला किंवा नोकरीला गेली, मानशीचा लिलाव तेवढा उरला आणि बांधाकडे लक्ष कमी झाले. नव्या वसाहतींना दोष देण्यापूर्वी ही आपली चूक आपण पदरात घेतली पाहिजे. पडीक शेत आणि फुटका बांध पाहूनच विकत घेणारा गावात येतो.

आता कायद्याचे पाहू. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने प्रादेशिक आराखड्याची कल्पना आणली. कोणती जमीन वस्तीसाठी, कोणती शेतीसाठी, कोणती झाडीसाठी, हे आधी ठरवावे. मसुदा लोकांपुढे ठेवावा. हरकती आणि सूचना ऐकाव्यात. मग तो पक्का करावा. गावकीत जी संमती बैठकीत मिळे, तिचे हे आधुनिक रूप होते. पहिला आराखडा १९८६ मध्ये आला. पुढचा २०११ सालचा म्हणून ओळखला जाणारा आराखडा २००६ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यात वस्तीसाठी खुल्या केलेल्या जमिनी पाहून सारा गोवा उठला. गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि २००७ च्या जानेवारीत शासनाने तो आराखडा मागे घेण्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या २०२१ च्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृती दलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते, आणि मसुदे गावोगावच्या पंचायतींकडे पाठवून मते मागविली गेली. तो आराखडा २०११ मध्ये अंतिम झाला. तो निर्दोष नव्हता, पण गावाला विचारून झाला होता.

या पार्श्वभूमीवर २०२३ मध्ये कायद्यात घातलेले कलम १७ (२) पाहावे. आराखड्यातील नजरचुका आणि विसंगती सुधारण्याचा अधिकार मुख्य नगर नियोजकाला मिळाला, आणि त्याखालील नियमांनुसार एकेका मालकाच्या अर्जावर एकेका भूखंडाचा विभाग बदलू लागला. शेजाऱ्याला कळण्यापूर्वी शेतीची जमीन वस्तीची होऊ शकत होती. १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली आणि कलमाचा अर्थ संकुचित केला. मधल्या काळात, २०२४ मध्ये, कलम ३९-अ आले होते. त्यात लोकांना सूचना मांडण्यासाठी तीस दिवस ठेवले गेले. याच सुमारास पेडणे तालुक्यातील काही गावांसाठी विभागीय आराखड्याचा मसुदा पुढे आला, आणि तालुक्याने त्याला इतका कडाडून विरोध केला की तो बाजूला ठेवावा लागला.

या तपशिलांतून एक गोष्ट स्पष्ट होते. झगडा घरे बांधावीत की बांधू नयेत याचा नाही. अख्ख्या गावाचा नकाशा समोर ठेवून, सर्वांना ऐकून ठरवावयाचे, की भूखंडागणिक, अर्जागणिक ठरवावयाचे, यावर तो आहे. बांधाचा एक हातभर तुकडा काढला तर काय बिघडते, असे ज्याला वाटते त्याला भरती माहीत नसते. एक टेकडी कापली तर काय झाले, हा युक्तिवाद त्याच जातीचा आहे.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडावयास हवी. जमीन ज्याची आहे त्याला ती विकण्याचा हक्क आहे, आणि मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी विकणाऱ्याला नावे ठेवणे सोपे असते. गावातल्या तरुणांनाही घर हवे आहे, आणि वडिलोपार्जित घराच्या वाटण्या होऊन होऊन एक खोलीही वाट्याला न येणारे संसार आम्ही पाहिले आहेत. परंतु या मोठ्या वसाहती त्यांच्यासाठी असतात काय? २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे पाचांपैकी एक घर रिकामे आढळले. ज्या प्रदेशात इतकी घरे कुलपात आहेत, तेथे घरांची टंचाई हे कारण पुढे करताना थोडा संकोच वाटावयास हवा. कुलपातले घर पाणी कमी वापरील, हे खरे. पण त्यासाठी कापलेला डोंगर मात्र कायमचा कापलेला राहतो, आणि त्या घराचा मालक बांधाच्या हाकेला येत नाही.

मग गावाने काय मागावे? आमच्या मते, पूर्वजांनी नव्या वाड्याला जे विचारले असते, तेच. तुझे पाणी कोठले? आमच्या झरीचे, की तू स्वतः साठविलेले? तुझे सांडपाणी कोठे जाते? सड्यावर पडलेला पाऊस तू मुरू देणार की गटारातून आमच्या शेतात सोडणार? बांधाच्या आणि मानशीच्या खर्चात तुझा वाटा किती? आणि ग्रामसभेत तू शेजारी म्हणून बसणार, की केवळ मतांच्या संख्येने? ही उत्तरे लेखी, परवानगीच्या आधी आणि ग्रामसभेसमोर यावीत. संविधानाच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने आणि १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याने ग्रामसभेला स्थान दिले आहे. पण तेथे आपण जात नसलो, तर ते स्थान रिकामी खुर्चीच ठरते. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर मुदत संपेपर्यंत झोपावे आणि मग अन्याय झाला म्हणून न्यायालयाकडे धावावे, ही सवय टाकली पाहिजे. न्यायालय चुकीचा नियम रद्द करू शकते. कापलेला डोंगर परत घालू शकत नाही.

देवस्थानांच्या महाजनांनाही येथे काम आहे. देवळाचे तळे, देवळाची झर, देवराई म्हणून राखलेला झाडांचा तुकडा, वारुळाच्या रूपाने पूजिलेल्या सातेरीच्या भोवतीची जागा, या सर्वांची मोजणी करून सनदा आणि नकाशे एकत्र ठेवावेत. वाट, विहीर आणि पाण्याचा ओघ यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असते, पण ती सिद्ध करण्याची वेळ येते तेव्हा कागद सापडत नाही, हा आमचा व्यवसायातला कटू अनुभव आहे. देवळाची वार्षिक सभा केवळ पालखीच्या मानावरून वाद घालण्यासाठी नाही. गावाचा नकाशा भिंतीवर लावून सर्वांनी पाहण्याची ती सर्वांत सोयीची जागा आहे.

चोपड्याच्या काठाकडे पुन्हा वळू. ओहोटीला येथे नदी मागे सरते, बांधाचा पाया उघडा पडतो आणि त्यात कोणी कोठे दगड लावले, कोठे नुसती माती भरली, ते दिसू लागते. सहा तासांनी पाणी परत येणार असते. तेवढ्या अवकाशात जे दुरुस्त होईल तेच टिकते. या काठी उद्या शेकडो नवी घरे आली, तर त्यांतल्या माणसांनाही आमचा नमस्कारच आहे. त्यांनी येताना फावडे मात्र बरोबर आणावे, आणि ते कोठे चालवावयाचे हे दाखविण्यासाठी आपला एखादा तरी मुलगा बांधावर हजर असावा.